धावड्याची खुंटी

साडू, अंगणातली ती ओल कुठून येत होती, ते सापडलं.

तुम्हाला माती देऊन आलो त्याला फार दिवस झालेले नाहीत. अजून भेटायला येणारं माणूस फाटकातच आवाज खाली घेतं. अशा वेळी नळाचा पाईप कुठं गळत होता हे लिहायला बसणं बरं दिसत नाही, एवढं मला कळतं. पण तुमचं-माझं शेवटचं भांडण त्यावरच झालं आणि ते अर्धं राहिलं. आता त्याचा निकाल लागलाय. लागलाय असं म्हणतो खरा, पण तुमच्या बाजूनं लागला की माझ्या, हेच मला उमगेना. तुम्ही असता तर ओरडून सांगितलं असतं की तुमच्याच बाजूनं लागला.

देवणीच्या एकाच घरच्या दोन बहिणी आपण केल्या. थोरली, म्हणजे अक्का, तुम्हाला दिली, धाकटी मला. त्यामुळे तुम्ही कायमचे थोरले जावई आणि पहिलं ताट कायमचं तुमचं. मी भांड्यांचा दुकानदार असून सासरवाडीत मला ताट दुसरं. हे मी मनाला लावून घेतलं नाही, असं सगळ्यांना सांगत आलोय.

त्यात तुम्ही नांदेडचे. गावाला गोदावरी, म्हणून पाण्यावरून बोलायचा मक्ता तुमच्याकडे. दुष्काळात आमच्याकडे यायचं झालं की एसटीतून पाण्याचा कॅन घेऊन उतरायचात आणि फाटकातूनच माझ्या बायकोला हाक मारायचात, "सुमे, पेढे न्हाई आणले, पाणी आणलंय. आप्पाला म्हणाव तोंड धू." गल्ली हसायची. मी चिडायचो. मग त्याच पाण्याचा चहा आपण दोघं ओट्यावर बसून प्यायचो आणि तो चहा आमच्या पाण्यापेक्षा बरा लागतो हे मी कधी कबूल केलं नाही. लागायचा, साडू.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी मी हे घर बांधलं. कचेरीच्या प्रत्येक कागदासाठी उस्मानाबाद गाठायचं आता संपलं, म्हणून आम्ही सगळे उगीचच छाती काढून चालत होतो. तुम्ही तेव्हा किनवटला होता, आश्रमशाळेच्या वसतिगृहाचे अधीक्षक. त्या जंगलात फिटर बोलवायचा कुठून, म्हणून मोटार असो की नळ, तुम्हीच उघडून बसायचात. निम्मं जमायचं, निम्म्याला पोरं बादल्यांनी भागवायची. तरी आमच्या नळाची जोडणी मीच करणार म्हणून तुम्ही हट्टानं आलात. पहिला नळ आपण ओट्याजवळ भिंतीला घेतला. चांगला छातीइतका उंच, ऐटीत. नव्या जिल्ह्याचा नळ म्हणून तुम्ही त्याला हळद-कुंकू वाहायला लावलं. पाणी काही त्या उंचीला चढलं नाही.

"जिल्हा झालात आप्पा, पर नळाला अजून कळलं न्हाई," असं म्हणून तुम्ही जे हसलात, ते पुढं प्रत्येक दिवाळीला हसलात.

मग सगळ्या गल्लीनं केलं ते आपणही केलं. फाटकाजवळ खड्डा खणला आणि नळ खड्ड्यात नेला. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला खोटं वाटतं. पण आमच्याकडे ज्याचा खड्डा खोल त्याच्या घागरीत पाणी आधी. शेजारच्या हमीदभाईंनी खड्डा एक पायरी खाली नेला की पुढच्या उन्हाळ्यात मी एक पायरी नेणार, मग ते परत. ते मोटारीचं वायंडिंग करतात, मी भांडी विकतो. भांडण कधी झालं नाही, पण दोघंही येता-जाता एकमेकांच्या खड्ड्यात डोकावून जायचो. असं करत करत आमचा खड्डा माणूस बसला तर बाहेरून दिसू नये इतका खोल झाला.

नळ खड्ड्यात नेला त्या दिवसाचं मला एकच आठवतं. गावात मिरवणुका चालल्या होत्या, बाजार बंद होता, आणि तुम्ही ओट्याच्या पायरीवर बसून विळ्यानं लाकूड तासत होता. किनवटहून आणलेला धावड्याचा तुकडा. मला वाटलं, खुरप्याला दांडा करून राहिलात. मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाही.

आता या वर्षाचं. यंदा नळाला पाणी कधी येईल ते कुणीच सांगत नाही. येतं तेव्हा आधी तोटीतून वारा फुसफुसतो. म्हणून तोटी उघडी ठेवून खाली पत्र्याचा डबा ठेवायचा. डबा वाजला की सगळ्यांनी हातातलं टाकून धावायचं. माझ्या दुकानात या उन्हाळ्यात ताटं कोणी घेत नाही, पिंपं मात्र ठेवायला पुरत नाहीत. असल्या दिवसांत आमच्या अंगणात ओट्याजवळ, भिंतीच्या कडेला, जमीन ओली व्हायला लागली. पाणी आलं की थोड्या वेळात तिथं परातीएवढं वर्तुळ. खाली कुठंतरी घागरीच्या घागरी मुरत होत्या.

मी काय काय केलं नाही! आधी संशय हौदावर. हौदाच्या आत खडूनं रेघ मारली, दुसऱ्या दिवशी पाहिलं, पाणी रेघेवरच. मग हौदात नीळ कालवली. ओल काही निळी झाली नाही, पण सुमननं आठवडाभर निळ्या पाण्यात भांडी घासली आणि तुम्हाला फोन करून माझी तक्रार केली. मग संशय हमीदभाईंच्या मोरीवर. त्यांनी बिचाऱ्यांनी पाणी आलेल्या दिवशी मोरी कोरडी ठेवली, तरी ओल आलीच. म्हणजे पाणी आमच्याच नळाचं. पण नळाचा पाईप फाटकातून सरळ खड्ड्यात जातो आणि ओल चार हात बाजूला. बरं, ओल दिसली की मी कुदळ घेऊन धावायचो. मातीच्या वरच्या थराखाली मुरूम, मुरमाखाली चिखल, आणि चिखलापर्यंत पोचेतो पाणी वाहायचं थांबलेलं. झरा नाही, धार नाही. मी चिखलात उभा आणि तिकडं खड्ड्यातला नळ मजेत चालू.

तेवढ्यात तुम्ही आलात. शेवटचे.

यंदा कॅन आणला नव्हता. मी विचारलं, तर म्हणालात, "उचलवंना आता." तिथंच मला काहीतरी कळायला हवं होतं का? सुमन म्हणते, वय झालं की कुणालाच उचलवत नाही, त्यात काय कळायचं. असेलही तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा वाजला. सुमन खड्ड्यात उतरली, मी कुदळ घेऊन भिंतीशी. तुम्ही ओट्यावर पाय सोडून बसलेला.

"आप्पा, तिथं पाईपच न्हाई. कशाला खांदून राहिलात?"

"मग हे पाणी काय आभाळातून येतंय?"

"तुमची जमीन घामेजून राहिली. नव्या जिल्ह्याची हाय, तिला सवय न्हाई."

"साडू, घागरीभर पाण्यासाठी लोक कुठं कुठं जाऊन राहिलेत आणि तुम्हाला थट्टा सुचते."

तुम्ही हसला नाहीत. ओलीकडे बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "थोडं थांबा. बंद होतंय ते."

माझं डोकंच फिरलं. कारण हे तुमचं नेहमीचं. तुमची म्हैस आजारी पडली तेव्हा थोडं थांबा. तुमच्या पोरीला स्थळ सांगून आलं तेव्हा थोडं थांबा. अक्कानं घराला रंग द्या म्हटलं की थोडं थांब, पाऊस होऊन जाऊ दे. मी म्हणालो, "तुमचं सगळंच थांबल्यावर बंद होतं. पाणी जाईल तेव्हा गळायचं बंद होणारच, ते मलाही कळतं." तुम्ही म्हणालात, "तसं न्हाई ओ." आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलंत. तेवढ्यात सुमननं खड्ड्यातून घागर वर धरली, ती घ्यायला मी गेलो, आणि परत आलो तर तुम्ही चहा आणायला आत गेला होता. तसं नाही, तर कसं? ते राहूनच गेलं. दुपारच्या गाडीनं तुम्ही नांदेडला गेलात.

पुढचं अक्कानं सांगितलेलं. सकाळपासून छातीत दुखत होतं. तिनं म्हटलं, दवाखान्यात चला. तुम्ही म्हणालात, "थोडं थांब. बंद होईल." तिनं रिक्षा बोलवते म्हटलं, तरी तेच. भाकरी खाल्ली नाहीत, दिवाणावर टेकून बसलात. ती ताट उचलून आत ठेवून आली, तेवढ्यात संपलेलं.

आपल्या लिंगायतांत बसवून माती देतात, हे काय मला नवीन आहे? वडिलांना दिली, चुलत्यांना दिली. पण तुम्हाला खड्ड्यात बसवलं, मांडी घातलेली, कपाळाला विभूती, मांडीवर बेलाची पानं, आणि मला वाटलं, हे तर आमच्या नळाच्या खड्ड्यात पाण्याची वाट बघत बसलेत. आता मान वर करून म्हणतील, "आलं का ओ आप्पा?" मी हसलो, साडू. बाजूच्या माणसाला वाटलं हुंदका आला, त्यानं माझा खांदा धरला. मग खरंच रडू आलं आणि दोन्ही एकदम चालू झालं. तिथून जे डोकं गोंधळलंय ते अजून जागेवर नाही.

लातूरला परतल्यावर पाणी आलं. ओल आली. या वेळी कुदळ उचलायची ताकदच नव्हती. मी तुमच्या जागेवर, ओट्यावर पाय सोडून बसलो आणि नुसतं बघत राहिलो. वर्तुळ वाढत परातीएवढं झालं, वर पाणी चकाकायला लागलं, आणि मग चकाकी गेली. ओल वाढायची थांबली. खड्ड्यात नळ धो धो चालू होता, सुमन अजून पिंप भरत होती, आणि इथं गळायचं आपलं आपण बंद झालं होतं.

मी उठून उभा राहिलो. थोडं थांबलं की ते खरंच बंद होत होतं.

तुमची गणाराधना झाली, दिवसांची पूजा-जेवण उरकलं आणि अक्काला आम्ही इकडं घेऊन आलो. मग एक कोरडा दिवस बघून हमीदभाई आणि मी भिंतीशी खणायला बसलो. मी मुरमापर्यंत गेलो. त्याखाली हमीदभाईंनी हात घातला आणि म्हणाले, "आप्पा, इथं पाईप हाय. और तोंडाला लकडी लागून राहिली."

खुंटी होती. धावड्याची. सुतळी गुंडाळून, सफेदा फासून, पाईपच्या तोंडात ठोकून बसवलेली. भिंतीजवळच्या त्या पहिल्या ऐटबाज नळाचा फाटा तुम्ही काढलाच नव्हता, आणि मी तो तेव्हाच निघाला असं धरून चाललो होतो. बाजार बंद, लोखंडी बूच मिळेना, म्हणून लाकूड ठोकून वर माती लोटली असणार. आणि ती खुंटी टिकली. पाणी रोज येई तोवर लाकूड कायम भिजलेलं, फुगलेलं, घट्ट. मधल्या दुष्काळांत पाणी चार-सहा दिवसांनी आलं तरी मुरमात ती पुरती वाळत नसावी. यंदा पाण्याचा पत्ताच नाही, तेव्हा लाकूड आणि सुतळी आकसली. पाणी आलं की आधी कडेनं गळायचं, मग लाकूड पाणी प्यायचं, फुगायचं आणि स्वतःच तोंड बंद करायचं. मी चिखलात पोचेतो तिचं काम झालेलं असायचं.

हमीदभाई मातीत बसूनच हसायला लागले. "आपण दोघं येडे. मी मोरी कोरडी ठेवून राहिलो इतके दिवस!"

मला हसू येईना. मला एकच प्रश्न पडला आणि तो अजून सुटलेला नाही. तुम्हाला ठाऊक होतं का?

ठाऊक असेल तर तिथं पाईपच नाही असं का म्हणालात? विसरला होता, असं धरलं तर थोडं थांबा, बंद होतंय हे कसं सांगितलंत? सवयीनं बोललात आणि योगायोगानं खरं निघालं? की ओलीकडे बघता बघता, तिथं बसल्या बसल्या, तुम्हाला विळा आणि तो लाकडाचा तुकडा आठवला, आणि तसं न्हाई ओ म्हणून तुम्ही तेच सांगणार होता?

एवढंच असतं तर मी सोडून दिलं असतं. पण ह्याला धरून दुसरं येतं. पाईपचं तुम्हाला ठाऊक होतं, म्हणजे तुमचं थांबा हे जाणून असायचं. मग अक्काला जे थांब म्हणालात तेही जाणूनच? आता काही उपयोग नाही हे कळून, तिची धावपळ नको म्हणून? की कॅन उचलवेना झाला तेव्हापासूनच कळलं होतं? आणि पाईपचं ठाऊक नव्हतं म्हणावं, तर ते थांबा नुसतं तोंडातलं होतं आणि तेवढ्यासाठी तुम्ही गेलात. मी रोज दुकानात बसून एक बाजू धरतो आणि संध्याकाळी घरी येईतो दुसरीवर जातो. यातलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, तेही सांगता येत नाही. कधी तुमचा राग येतो. कधी वाटतं, इतकी वर्षं माझ्या अंगणाखाली तुमच्या हातचं एक काम न बोलता चालू होतं, आणि मी ते शोधायला घर निळं करून बसलो होतो.

अक्का माहेरच्या माणसांत आली, पण रडली नाही. माती देताना नाही, गणाराधनेला नाही. ती चिडलेली होती. जेवताना मधेच म्हणायची, "सारखं थोडं थांब, थोडं थांब. कशापायी थांबायचं होतं? कोण येणार होतं?" सुमन तिच्या ताटात भाकरी वाढायची. मला वाटलं, ही खुंटी दाखवावी. म्हणावं, बघा अक्का, एका ठिकाणी त्यांचं थांबणं बरोबर होतं. निदान तिचा राग थोडा उतरेल.

तिला अंगणात बोलावलं, सगळं सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून भिंतीशी खणलेल्या खड्ड्यात बघत राहिली. हमीदभाईंनी विचारलं, "आप्पा, काढू का? लोखंडी बूच आणलंय." माझ्या तोंडात आलं होतं, राहू द्या. आता कळलंय ना, आता गळू दे थोडं. पण अक्काच म्हणाली, "काढा. बूच लावा. पाण्यासाठी लोक मरून राहिलेत आणि हे लाकूड फुगायची वाट बघायची?"

खुंटी निघता निघेना. हमीदभाईंनी हातोडीनं चारी बाजूंनी सैल केली तेव्हा सुटली. टोकाला काळी पडलेली, पण आत लाकूड पक्कं. त्यावर तुमच्या विळ्याचे तास अजून दिसत होते. मी ती अक्कापुढे धरली. तिनं हात लावला नाही. ती आत गेली आणि मी ती ओट्यावर, तुमच्या जागी ठेवून दिली.

बूच बसलं, माती लोटली. मग बरेच दिवस गेले आणि काल सकाळी डबा वाजला. सुमन खड्ड्यात उतरली, अक्का वरून घागरी घ्यायला उभी राहिली. मी भिंतीशी जाऊन उकिडवा बसलो. खरं तर तिथं आता माझं काही काम नव्हतं. जमीन कोरडी. एक पिंप भरलं, दुसरं भरलं, हौदात पाईप सोडला, तरी जमीन कोरडीच. एवढ्या वेळात वर्तुळ यायला हवं होतं, म्हणून मी बघत होतो.

अक्का म्हणाली, "आप्पा, घागर धरा की. काय बघून राहिलात?"

"थोडं थांबा," मी म्हणालो.

शप्पथ सांगतो साडू, माझ्या ध्यानीमनी नव्हतं. ते तोंडातून गेलं आणि मग मला ऐकू आलं. अक्का तिथंच, भरलेली घागर कमरेवर घेऊन, ओट्याच्या पायरीवर बसली. घागर कलंडली, तिचं लुगडं भिजलं, आणि ती रडायला लागली. मोठ्यानं, लहान पोरीसारखी, तुमचं नाव घेऊन. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून तुमचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

सुमन खड्ड्यातून वर आली आणि तिला धरून बसली. मी भिंतीशी तसाच. खाली खड्ड्यात तोटी चालू होती, घागर भरून वाहत होती, वाहिलेलं पाणी पायऱ्यांवर चढत होतं. लातुरात, यंदाच्या सालात, आणि तिघांतलं एकही माणूस तोटी बंद करायला उठलं नाही.